तोकुजीचे बूट आणि फुसाचे पाय

तोकुजीने या हिवाळ्यात माझं डोकं उठवलं. पार भुगा केला म्हणा ना. कोसावा गावात बुटांचं दुकान एकच, ते माझं. शेतात घालायचे गमबूट, बर्फ उपसायचे बूट, पोरांचे शाळेचे जोडे, आणि शेगडीजवळच्या फळीवर शिकाऱ्यांचे बूट. सासऱ्यांनी काढलेलं दुकान आहे. नवरा होता तोवर तो गल्ल्यावर बसायचा आणि मी गिऱ्हाइकांशी भांडायचे. आता दोन्ही कामं माझ्याकडे आहेत.

तोकुजी आणि मी शाळेत एका वर्गात. त्याला बूट विकणं म्हणजे जगातलं सगळ्यात सोपं काम होतं. दोन-तीन वर्षांतून एकदा, पानगळ सुरू झाली की यायचा, दारातूनच म्हणायचा, "कियो, तेच." मी तेच काढून द्यायचे. काळे, गुडघ्याच्या जरा खाली येणारे, तळाला खिळे असलेले गमबूट. घालूनसुद्धा बघायचा नाही. काखोटीला मारायचा आणि चालू पडायचा. म्हणून यंदा नव्या वर्षाची सजावट दारावरून उतरवली त्याच दिवशी स्वारी हजर झाली, तेव्हा मी उठून सरळ फळीकडेच गेले.

"तेच ना?"

"नको. सगळे दाखव."

मला वाटलं थट्टा करतोय. बघते तर हा बाबा मोजे सारखे करून लाकडी कट्ट्यावर बसलासुद्धा. आता बोला.

हा तोकुजी कोण, ते आधी सांगते. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवायचा, उन्हाळ्यात भाताची दोन खाचरं बघायचा, पावसानंतर अळंबी गोळा करायला रानात जायचा. पण विचारलं कुणी की काय करतोस, तर म्हणायचा, मी हाकाऱ्या. आमच्याकडे वसंतात, बर्फ उतरायला लागला की अस्वलाची शिकार निघते. बंदूकवाले वर धारेवर दबा धरून बसतात, आणि हाकारे खालून ओरडत ओरडत चढ चढतात, म्हणजे अस्वल घाबरून वर जातं. तोकुजीने आयुष्यात बंदूक हातात घेतली नाही. त्याच्याकडे घसा होता. दरीच्या या टोकाला ओरडला की त्या टोकाची कुत्री उठून बसायची. लग्नात गायला उभा राहिला की बायका कानावर हात ठेवायच्या, आणि हा समजायचा की लाजल्या.

तर मागच्या वसंतात हा घसरला. घळीत बर्फाचा एक पट्टा आडवा पार करायचा होता, गेली कित्येक वर्षं तो झोपेतही पार करायचा असा. पाय गेला, आणि खाली चाललेल्या दुसऱ्या हाकाऱ्याला, योशिमात्सूला, घेऊन दोघं झुडपात जाऊन पडले. योशिमात्सूची बरगडी मोडली. हाकाऱ्यांची फळी फुटली तिथून अस्वल निघून गेलं, तेही शांतपणे, रस्त्यावरून पाहुणा जावा तसं. संध्याकाळी टोळीचा म्होरक्या क्युहेई म्हणाला, "तोकुजी, बूट बदल, नाहीतर जागा बदल." एवढंच म्हणाला. क्युहेई मुळातच शब्द मोजून वापरणारा माणूस. पण जागा बदल म्हणजे काय ते सगळ्या गावाला कळलं. म्हणजे घरी बस आणि दूरदर्शन बघ.

म्हणून यंदा सगळे बूट दाखव. कारण मला कळलं, पण पुढचं काही केल्या कळेना.

मी दाखवले. आता शिकारीच्या बुटांचं असं आहे की आमचा डोंगर एका दिवसात चार डोंगर असतो. पहाटे बर्फ काचेसारखा टणक, तिथे खिळे लागतात. दुपारी त्याच बर्फाची पेज होते, तिथे उंच आणि पाणी न शिरणारे हवेत. खाली ओढा मोकळा झालेला असतो, त्यातले दगड शेवाळलेले. तिथे खिळे घातले की माणूस नाचायला लागतो, तिथे तळाला लोकरीचा नमदा हवा. पण नमद्याचे बूट घेऊन बर्फात गेलात की तळाला बर्फ चिकटत जातो आणि थोड्या वेळाने तुम्ही पायांना लाकडं बांधल्यासारखे उंच होऊन चालता. चामडी बूट घोट्याला धरतात, पण ते पाणी पितात. आत लोकर लावलेले ऊबदार असतात, पण चढावर पाय घामाने भिजतो आणि थांबलं की तोच घाम गोठतो. अंगठा वेगळा असलेले कापडी जोडे दगडाला हातासारखे धरतात, पण त्यात ओला झालेला पाय रात्रीपर्यंत ओलाच. सगळ्याला चालेल असा बूट अजून कुणी शिवलेला नाही. शिवला असता तर माझ्या फळीवर एकच जोड असता आणि मी सुखी असते.

तोकुजीने खिळ्यांचा नेला. तीन-चार दिवसांनी परत आणला. नमद्याचा नेला. परत आणला. मग चामडी नेला, मग कापडी, मग पुन्हा खिळ्यांचा, पण एक नंबर लहान. मग तोच एक नंबर मोठा. दुसरं कुणी असतं तर मी दुकानाचं दार त्याच्या तोंडावर लावलं असतं.

"अरे, चावतो कुठे ते तरी सांग," मी म्हणायचे. "टाचेला? बोटांना?"

"चावत नाही."

"मग सैल आहे?"

"सैल असं नाही."

"मग परत का आणलास?"

"कळत नाही," तो म्हणायचा, आणि बुटाच्या आत असा बघायचा, जणू त्यात विहीर आहे.

माझ्या दुकानात शेगडी आहे, म्हणजे गावातली निम्मी रिकामी माणसं असतातच. योशिमात्सू तर बरगडी जुळल्यापासून रोजच येऊन बसायचा. त्याला सल्ला द्यायला कुणी बोलवावं लागत नाही.

"नमद्याचे घे," तो म्हणायचा. "ओढ्यात पाय सटकला की खेळ खलास."

"मी ओढ्यात नव्हतो सटकलो," तोकुजी म्हणायचा.

"ते मला सांगू नकोस. माझ्या छातीवर बसला होतास."

एकदा क्युहेई आला होता, मोज्यांसाठी. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "खिळे." आणि निघून गेला. तोकुजी कट्ट्यावर एका पायात नमदा आणि एका पायात खिळे घालून बसलेला. त्या दोन बुटांकडे तो आळीपाळीने बघत होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला काहीतरी झालंय. पण काय, ते माझ्या डोक्यात येईना. म्हातारपण? घाबरलाय? घाबरणारा तो नव्हे. मग मी स्वतःवरच चिडले आणि दोन्ही बूट फळीवर उलटसुलट ठेवून दिले.

त्या आठवड्यात त्याची बायको फुसा आली. फुसाबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. फुसाचे पाय मोठे आहेत. मोठे म्हणजे पुरुषाचे. लग्न होऊन आली तेव्हा सासूने उंबऱ्यावरच्या तिच्या चपला बघून विचारलं म्हणे, आणखी कोण आलंय सोबत? तोकुजीच्या आणि तिच्या पायाचं माप एकच. शेतातले गमबूट दोघांत एकच जोड, जो आधी उठेल त्याचा. अजूनही ती बूट घ्यायला येते ती दुकानात कुणी नसताना, आणि नंबर सांगते तो माझ्या कानात.

त्या दिवशी बूट नको होते तिला. चहा दिला, धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं पुढे ठेवलं, तर दोन्हीला हात लावला नाही.

"आमचे हे घरात बूट घालून फिरतात," ती म्हणाली.

"घरात? चटईवर?"

"चटईवर. नवे बूट. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी म्हटलं, अहो, घरात पायताण घालून निघतात ती माणसं तिरडी घेऊन निघतात. तर म्हणाले, गप्प बस, मला मोजू दे."

"काय मोजू दे?"

"कुणास ठाऊक. खाली बघत चालतात. सुई सांडल्यासारखे. आणि मी तर हातही लावू शकत नाही त्या बुटांना."

ते खरं. शिकारीचं सामान एकदा कोनाड्यात मांडलं की बाईने त्याला शिवायचं नाही. आमची डोंगरदेवी दिसायला यथातथाच आहे म्हणतात, आणि बायकांचा तिला भारी मत्सर. बाईचा हात लागलेला दिसला की ती माणसाला कड्यावरून ढकलते. मी बुटांची विक्री करते ते कसं चालतं, असं मी एकदा क्युहेईला विचारलं होतं. त्याने विचार केला आणि म्हणाला, विकलेला नसतो तोवर तो शिकारीचा नसतो. पुरुषांची डोकी अशी सोयीने चालतात.

फुसा उठली. दारात थांबली. "कियोताई, बूटच वाईट होते ना गेल्या वर्षी? खिळे झिजले होते ना?"

"असतील झिजलेले," मी म्हटलं. पण ते बूट मीच विकले होते, पहिल्याच हंगामात होते. मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि ती गेल्यावर माझा गोंधळ आणखीच वाढला.

मग एके दिवशी सकाळी तोकुजी हसत आला. शिकारीला जेमतेम दोन आठवडे उरले असतील. पायात चामडी बूट, आतून लोकर, तळाला काढता-घालता येणारे खिळे. माझ्याकडचा सगळ्यात महाग जोड.

"ठरलं," तो म्हणाला. "देवळापर्यंत चढून गेलो आणि परत आलो. बर्फ, चिखल, पायऱ्या, सगळं झालं. कियो, पायात काही आहे असं वाटतच नाही बघ."

मी मनातल्या मनात देवीला नमस्कार केला. म्हटलं, काढ इकडे, शिवणीला मेण लावून देते, म्हणजे पाणी पिणार नाही. तो कट्ट्यावर बसला, मी उजवा बूट ओढून काढला, मग डावा. डावा काढला आणि मला अशी शिंक आली की शेगडीवरची किटली हलली. दुसरी शिंक, तिसरी. बूट उलटा केला तर आतून एक चिंधीची पुरचुंडी पडली, फाटलेली, आणि पाठोपाठ लाल भुकटी.

मिरच्या. आमच्याकडे बुटाच्या टोकात मिरची ठेवतात, पायाला ऊब राहते. पण ठेवतात ती एखादी, नीट गुंडाळून. या पुरचुंडीत मूठभर होत्या, अख्ख्या, देठासकट. वाळलेले देठ कापडातून, मोज्यातून आरपार गेले होते. मी त्याचा मोजा काढला. दोन बोटांची कातडी निघाली होती, एका नखाखाली रक्त साकळलं होतं, आणि त्या सगळ्यात लाल तिखट भरलं होतं. देवळापर्यंत चढ आणि परत. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं माहीत नाही, मी पाणी आणलं आणि धुवायला बसले.

"मिरच्या कशाला एवढ्या भरल्यास?" मी ओरडले.

"कसल्या मिरच्या?" तो म्हणाला. आणि योशिमात्सू विसरून गेलेलं वर्तमानपत्र उचलून वाचायला लागला.

माझी बोटं जळत होती. नुसती धुताना हात लागला तर आग आग होत होती. आणि ज्याच्या उघड्या मांसात ती मिरची गेली होती तो वर्तमानपत्र वाचत होता, एका हाताने चहाचा पेला शोधत होता. मी थांबले. त्याच्या जखमी बोटाला चिमटा काढला. चांगला जोरात. त्याने पान उलटलं.

मग त्याचं लक्ष खाली गेलं. माझी बोटं त्याने बघितली, कुठे आहेत ती बघितली. वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मी पुन्हा जखम धुवायला घेतली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या वर्षीच्या आधीपासून. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही येईनाशा झाल्या."

"डॉक्टर?"

"साखर म्हणाला. घरी मी सांगितलं, वय झालं म्हणाला म्हणून."

"आणि मग हे सगळे बूट कशाला नेलेस रे? आणायचास आणि न्यायचास. माझं डोकं खाल्लंस."

तो पुरचुंडीकडे बघत होता. "म्हटलं, एखादा तरी जोड असा असेल की पायाला कळेल," तो म्हणाला. "जाड तळाचा नाही, पातळ तळाचा. सैल नाही, घट्ट. घरात आधी पायांकडे बघत, मग डोळे मिटून पावलं मोजत भिंतीपर्यंत चालायचो. भिंत लागायची. जमीन लागायची नाही."

मला रडू आलं, आणि त्याचाच राग आला. मी जखमेवर फडकं जरा जास्तच घट्ट बांधलं. त्याला काय, घट्ट काय नि सैल काय.

"या फुसानेच ठेवल्या असणार," मी म्हटलं. "हात लावायचा नाही तरी."

"दर वर्षी ठेवते. तिला वाटतं मला माहीत नाही." तो जरासा हसला. "दर वर्षी पहिल्या चढावर बोचतात. काढून खिशात टाकतो. दुपारी वर सूप करतो त्यात घालतो. गेल्या वर्षी सापडल्या नाहीत. यंदाही नाहीत. मला वाटलं, विसरली. किंवा कंटाळली असेल."

मग तो म्हणाला, "क्युहेईला सांगू नकोस."

सांगितलं तर याचा डोंगर गेला. डोंगर गेला की या माणसात उरतं काय, ते मला माहीत होतं. खाचरं मुलाने भाड्याने लावली होती, बर्फाची गाडी आता दुसराच चालवत होता. आणि नाही सांगितलं तर योशिमात्सूच्या दुसऱ्या बरगडीचं पाप माझ्या माथी. योशिमात्सू तर नशिबानेच वाचला होता. मी इकडे विचार केला की तिकडचं खरं वाटायचं, तिकडे केला की इकडचं.

"आधी फुसाला सांग," मी शेवटी म्हटलं. "आज. नाहीतर मी सांगते. आणि डॉक्टरकडे जा, बोटं काळी पडायच्या आत."

संध्याकाळ व्हायच्या आत फुसाच धावत आली. रडून डोळे सुजले होते. मला वाटलं पायाचं ऐकून रडतेय. तर बाईसाहेबांचं गणित वेगळंच.

"माझ्यामुळे झालं. मी बुटांना हात लावला. देवीने यांचे पाय नेले."

"अगं, साखरेने नेले."

"मी दर वर्षी हात लावायचे. गेल्या वर्षी ते पडले, म्हणून यंदा भीती वाटली आणि मूठभर घातल्या. म्हणजे दुप्पट शिवले."

हिला समजवायला जावं तर हिचं सगळं जुळत होतं. मी तिला घट्ट धरून बसवलं आणि सूपाची गोष्ट सांगितली. दर वर्षी मिरच्या कुठे जायच्या ते. ती रडायची थांबली.

"सूपात?" ती म्हणाली.

"सूपात."

"मेल्याने एकदा तरी बोलायचं," ती म्हणाली. आणि मग खरं रडली.

दुसऱ्या दिवशी तोकुजी स्वतःच क्युहेईकडे गेला. फुसा सोबत होती, पण अंगणात थांबली. आत काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. क्युहेई दुपारी दुकानात आला, शेगडीजवळ बसला आणि नेहमीपेक्षा बरंच बोलला.

"समोरच्या धारेवर उभा राहील तो," क्युहेई म्हणाला. "अख्खा उतार दिसतो तिथून, खालचं गावसुद्धा. अस्वल कुठे वळलं ते ओरडून हाकाऱ्यांना सांगायचं. एवढा घसा दुसऱ्या कुणाला नाही. वाट सपाट आहे, योशिमात्सू नेऊन सोडेल."

योशिमात्सूने मान हलवली. "माझ्या पुढे चालायचं फक्त. वरून नाही."

मला हायसं वाटलं, पण पुरतं वाटेना. "आणि दिवसभर बर्फात उभं राहायचं?" मी विचारलं. "डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाला, गारठा लागला तर कळणार नाही. बोटं गेली तरी कळणार नाही," क्युहेई म्हणाला आणि माझ्या फळीकडे बघत बसला. "कुठले बूट द्यायचे, कियो?"

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. चालायचं नाही, उभं राहायचं, तर खिळे नकोत, ऊब हवी. पण ऊबदार घट्ट झाला तर रक्त थांबणार. सैल झाला तर पाय आत घासणार, आणि घासतोय हे सांगणार कोण? मी या धंद्यात इतकी वर्षं काढली, आणि सगळे बूट मी एकाच प्रश्नावर विकले. चावतो का? ज्याला ते सांगता येत नाही त्याला बूट कसा विकायचा, मला ठाऊक नव्हतं.

शिकारीच्या आदल्या दिवशी दुपारी तोकुजी आणि फुसा दोघं आली. योशिमात्सू शेगडीजवळ होताच. तोकुजी कट्ट्यावर बसला, बूट न काढता. म्हणाला, "उभं राहायचे काढ, कियो. लोकरीचे. माझ्या मापाचे, अर्धा वर, एक वर." मी काढले. तो फुसाला म्हणाला, "घाल."

फुसा दोन्ही हात मागे घेऊन उभी राहिली. "मी?"

"माझे मोजे घाल, दोन. मग बूट घाल. चाल."

"शिकारीचे बूट आहेत," योशिमात्सू हळूच म्हणाला. "उद्या शिकार आहे, तोकुजी. डोंगरदेवी रागावेल."

"रागावू दे," तोकुजी म्हणाला. "माझ्या पायातलं कळणं तिने नेलं. मला आता उसनं घ्यायला घरातच जावं लागणार ना?"

योशिमात्सूने शेगडीत एक लाकूड सारलं. फुसाने माझ्याकडे बघितलं. दुकानात पुरुष बसलेला असताना तिने आजवर कधी पाय पुढे केला नव्हता. ती कट्ट्यावर बसली, तोकुजीचे मोजे चढवले, बूट घातले आणि शेगडीला फेऱ्या मारायला लागली. तो तिच्या पायांकडे बघत होता.

"अंगठा?"

"टेकतो."

"काढ. अर्धा वर दे, कियो. आता?"

"अंगठा मोकळा. टाच सुटतेय."

"आत तळवा टाक एक. आता उभी राहा. हलू नकोस."

ती उभी राहिली. आम्ही सगळे तिच्या बुटांकडे बघत बसलो. किटलीला वाफ यायला लागली तरी कुणी उठलं नाही.

"करंगळीच्या बाजूला घट्ट होतंय हळूहळू," ती म्हणाली.

"पुढचा जोड," तोकुजी म्हणाला. त्याच्या तोंडावर आता तो विहिरीत बघणारा भाव नव्हता.

असं करत करत एक जोड सापडला. मी बांधायला घेतला तेव्हा फुसा म्हणाली, "दोन दे."

"एक गारठला तर बदलायला? तसं नसतं गं, मोजे बदलतात."

"नाही. दोन दे," ती म्हणाली. मला कळलं नाही, पण त्या घराचं मला यंदा काय कळलं होतं? मी दोन दिले.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि थंडी कडाक्याची. उजाडताना टोळी गेली. आमच्याकडे त्या दिवशी बायका डोंगराच्या दिशेला पाऊलही टाकत नाहीत, म्हणून मी दुकान उघडून बसले. तोकुजीचा आवाज आला, "उजवीकडे, उजवीकडे वळलंय," आणि गल्लीतली कुत्री उठून बसली. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले. थोड्या वेळाने फुसाच्या घराच्या बाजूला बघते तर अंगणाच्या कठड्यावर लाल रजई वाळत घातलेली. सकाळच्या त्या थंडीत रजई कोण वाळत घालतं? परत बघितलं तर रजई काढलेली. पुढे पुन्हा घातलेली.

मला राहवेना. दुकान तसंच टाकून गेले. फुसा अंगणात, गुडघाभर बर्फात उभी होती. तिने कुदळीने तेवढ्यापुरता खड्डा केला होता आणि त्यात उभी होती. नुसती उभी, हलत नव्हती. पायात तोच दुसरा जोड, दोन मोजे. समोर, दरीपलीकडे, धारेवर एक काळा ठिपका होता. तोही हलत नव्हता.

"अगं फुसा, काय करतेस हे? आत चल. पाय गारठतील तुझे."

"तेच बघतेय," ती म्हणाली. मग जरा वेळ तिने डोळे मिटले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "झाले. करंगळी गेली." ती खड्ड्यातून बाहेर आली आणि लाल रजई कठड्यावर टाकायला गेली. धारेवरचा ठिपका खाली बसला, आणि मोजे बदलायला लागला.